एका वर्गात दोन मास्तर उभे राहतील का?

माटुंगावाला
मॅनेजमेंट आणि टेक्नॉलॉजी एका छपराखाली शिकवायला मुंबईत जागांची वानवा नाही. पवईला आयआयटीच्या आवारातच मॅनेजमेंट स्कूल आहे. जवळच पूर्वीचं नीटी (इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची संस्था), म्हणजे 2023 पासूनचं आयआयएम मुंबई. पार्ल्यात इंजिनिअरिंग आणि एमबीए जोडून पाच वर्षांत देणारा कोर्स चालतो. 2020 चं शैक्षणिक धोरण आल्यापासून तर ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द नसलेलं माहितीपत्रक दाखवा आणि चहा मिळवा. मी अशाच एका ठिकाणी व्हिजिटिंगला जातो (नाव नको). माझी तक्रार अशी की तिथे एकत्र काहीच होत नाही. नऊला पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे सर येतात, शिकवतात, जातात. अकराला फायनान्सच्या मॅडम. दोघांची गाठ पडलीच तर लिफ्टमध्ये. सांधा काय तो मुलांनी जोडायचा.

बेस्टच्या इलेक्ट्रिक बसचं उदाहरण घ्या. बस डेपोत चार्जिंगला कधी लावायची? इंजिनिअरिंगची मुलं वेळेप्रमाणे बदलणारा वीजदर, चार्जरची संख्या आणि बॅटरी घालून झकास वेळापत्रक काढतात. एमबीएची मुलं डिझेलशी तुलना करून पैसे किती वर्षांत वसूल होतील ते सांगतात. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि डेपोत दोन्ही बिनकामाची. कारण यातल्या बहुतेक बस वेट लीजवर आहेत. गाडी, ड्रायव्हर, देखभाल कंत्राटदाराची. बेस्ट त्याला किलोमीटरमागे पैसे मोजते. तिकिटाचा गल्ला बेस्टचा. म्हणजे कंत्राटदाराला किलोमीटर हवेत, गाडी रिकामी पळाली तरी त्याचं काही जात नाही. बेस्टला संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेर गाडी हवी. मग दुपारी गाडी चार्जरला उभी राहिली तर बुडालेले किलोमीटर कोणाच्या खात्यात? हे सर्किटच्या आकृतीत सापडत नाही, करारात सापडतं. आणि एक गाडी ट्रॅफिकमुळे उशिरा आली की चार्जरसमोरची रांग कशी लांबते, ते कराराच्या एकाही कलमात नसतं.

मला हवं ते एवढंच: थर्ड इयरला असा एक विषय, पूर्ण सेमिस्टर, दोन विभागांच्या दोन शिक्षकांनी एकाच वेळी वर्गात उभं राहून, एकमेकांना अडवत शिकवायचा. गेस्ट लेक्चर चालणार नाही.

अर्धवटराव
साफ असहमत. थर्ड इयरच्या मुलाला रांगांचं गणित धड येत नाही आणि तुम्ही त्याच्या हातात करार देताय. दोन मास्तर उभे केलेत तर दोन्हीकडचं वरवरचं पदरात पडेल, इतकंच. हार्वर्डने 2010 मध्ये डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली, तेव्हापासून मुंबईतल्या प्रत्येक कॉलेजात डबेवाल्यांची स्लाइड फिरतेय. ‘सहा सिग्मा अचूकता’ (दहा लाखांत जेमतेम तीन-चार चुका) म्हणून पोरं टाळ्या घेतात. विचारा एकाला, चूक म्हणजे काय धरलं? किती डबे तपासले? कोणी? हे विचारण्याइतकं संख्याशास्त्र एकदा डोक्यात बसू दे, मग जोडा हवे तेवढे विषय.

डेक्कन_क्वीन
अर्धवटराव, संख्याशास्त्र म्हणालात म्हणून दामोदर कोसंबी आठवले. 1945 ते 1962 टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) गणितज्ञ, येणं-जाणं पुण्याहून रेल्वेने. त्यांनी आहत नाण्यांचे (ठसे ठोकलेल्या प्राचीन नाण्यांचे) ढीगच्या ढीग तोलले. नाणं जितकं हातोहात फिरतं तितकं झिजतं. ढिगाची सरासरी घटते, आणि सगळी नाणी सारखी झिजत नाहीत म्हणून वजनांतली तफावत वाढते. एवढ्यावरून त्यांनी कोणती नाणी आधीची आणि कोणती नंतरची ते लावून दाखवलं. इतिहासवाल्यांकडे तराजू नव्हता आणि गणितवाल्यांना नाण्यांशी कर्तव्य नव्हतं. ही जोड वर्गात का दाखवू नये?

अर्धवटराव
कोसंबी माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत की! आधी गणित पक्कं, मग नाणी. दोन शास्त्रं एकाच डोक्यात होती, टाइमटेबलात नव्हती. ‘नाणी व संख्याशास्त्र, चार क्रेडिट’ असा कोर्स त्यांनी कुठे केला होता? आणि 1962 ला संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही, हेही सांगत चला. (कारणं बरीच होती, त्यावर वेगळा धागा काढा.)

पीएचडी_सुरू_आहे
माझा विषय सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीच्या रांगा. गाइड ऑपरेशन्सचे, को-गाइड कॉम्प्युटरचे. प्रगती अहवालाच्या बैठकीत एक सर म्हणतात, ‘यात थिअरी कुठे आहे?’ दुसरे म्हणतात, ‘बेसलाइन मॉडेल, म्हणजे तुलनेसाठीचं साधं मॉडेल, कुठे आहे?’ थिअरी लिहिली की पेपर कॉन्फरन्सला लांब होतो, बेसलाइन घातली की मॅनेजमेंटचं जर्नल ‘हे आमच्या वाचकांसाठी नाही’ म्हणून परत पाठवतं. मॅनेजमेंटवाले एबीडीसीच्या (जर्नलांचा दर्जा लावणाऱ्या ऑस्ट्रेलियन) यादीतलं ए किंवा ए स्टार मागतात, कॉम्प्युटरवाल्यांकडे त्या यादीला कोणी विचारत नाही. रुग्ण सकाळी सातला केसपेपरसाठी का उभा राहतो, हे मात्र दोघांपैकी एकानेही अजून विचारलेलं नाही.

मुलाखतीला गेलं की पहिला प्रश्न, ‘तुमचा मूळ विषय कोणता?’ यूजीसीने 2025 च्या जानेवारीत जो मसुदा काढला त्यात पदवीचा विषय वेगळा असला तरी ज्या विषयात नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालं तो शिकवता यावा असं होतं. मसुदा छान होता. पॅनेलवरचे लोक तेच आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो मी.

माटुंगावाला
ताई, हेच तर म्हणतोय! तुमचे दोन्ही सर एका वर्गात आधी भांडले असते तर तुमच्या बैठकीत पहिल्यांदा भांडले नसते.

प्रॉडक्शनवाले_काका
तुम्हा मंडळींना हे सगळं नवीन वाटतंय याची गंमत वाटते. नीटी 1963 सालची. इंजिनिअरच्या हातात स्टॉपवॉच देऊन शॉप फ्लोअरवर उभं करायचं, कामगार कुठे वाकतो, कुठे थांबतो ते टिपायला लावायचं. त्यात यंत्र आलं, माणूस आला, पगार आला, युनियन आली. आम्ही त्याला इंजिनिअरिंग म्हणायचो, वेगळी पाटी नव्हती. ऑपरेशन्स रिसर्चचा, म्हणजे कामकाजाचे निर्णय गणिताने घेण्याच्या शास्त्राचा, जन्म तरी कसा झाला? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेटच्या गटात शरीरक्रियाशास्त्रवाले होते, गणितवाले होते, एक खगोलभौतिकीवाला, एक सर्व्हेअर. रडारच्या मदतीने विमानविरोधी तोफा नेमक्या कशा लावायच्या, हा प्रश्न होता. विषय कोणाचा यावर वाद घालायला सवड नव्हती, डोक्यावर बॉम्ब पडत होते.

अर्धवटरावांना मात्र अर्धे गुण देईन. त्या गटात कच्चा कोणी नव्हता.

कुर्ला_पश्चिम
बसचा विषय निघालाय म्हणून. 2025 च्या मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं 5 वरून 10 रुपये झालं. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं शेअर रिक्षात बसायला लागली, अंतर थोडं असलं की कोण थांबतंय बससाठी? आता वर ज्या मुलांनी चार्जिंगचं वेळापत्रक काढलं त्यांना विचारा, माणसं कमी झाल्यावर तेच वेळापत्रक ठेवणार का? तुमच्या दोन मास्तरांत प्रवाशाच्या बाजूने बोलणारा तिसरा दिसत नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, तिथून बोलवा कोणाला तरी.

सेकंड_इयर_एमबीए
सगळं ठीक आहे, पण प्लेसमेंटला कंपनी विचारते एक्सेल येतं का, एसक्यूएल येतं का. दोन मास्तरांच्या भांडणाचे क्रेडिट सीव्हीवर कोणत्या मथळ्याखाली लिहू? 😀

माटुंगावाला
कुर्लावाले, मान्य. तिसरी खुर्ची ठेवू.

अर्धवटराव, खोली आणि रुंदी यांचं भांडण तुम्ही लावताय. आयआयटी मुंबईत सितारा हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र 1985 पासून आहे. तिथली मुलं गावात राहून पाण्याचा, चुलीचा, रस्त्याचा प्रश्न हातात घेतात. नळयोजना कागदावर उत्तम आणि नळ कोरडा, असं दिसलं की पंपाचा हिशोबही करावा लागतो आणि ग्रामपंचायतीचं वीजबिल कोणी थकवलं तेही पाहावं लागतं. तिथे हायड्रॉलिक्स कच्चं ठेवून कोणाचं भागतं?

अर्धवटराव
तिथे एमटेकला येणारी बरीच मुलं आधीच इंजिनिअर झालेली असतात. हेच मी म्हणतोय. तुम्ही तोच प्रयोग पाच वर्षांच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला करायला निघालात.

आता व्यवहाराचं बोला. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवावं लागतं. एका तासाला दोघं उभे राहिले तर कोणाचा तास धरणार? अर्धा-अर्धा धरलात तर उद्या कोणी हात वर करणार नाही. पूर्ण-पूर्ण धरलात तर अकाउंट्सवाला विचारेल, एका वर्गाला दोन पगार का?

माटुंगावाला
पूर्ण-पूर्ण. प्रयोगशाळेत एका बॅचला दोन-दोन शिक्षक असतात तेव्हा अकाउंट्सवाला गप्प असतो. आणि वर्ष बदलायला माझी हरकत नाही, शेवटच्या वर्षी ठेवा. अट एकच, मुलाने संख्याशास्त्र आणि कॉन्ट्रॅक्ट कायदा दोन्ही आधी पास केलेलं असावं.

पीएचडी_सुरू_आहे
आणि दोघांनी वेगवेगळे गुण दिले तर? एकाने 8, एकाने 3? सरासरी?

माटुंगावाला
सरासरी अजिबात नाही. दोघांनी एकत्र बसायचं, भांडायचं, एक आकडा द्यायचा आणि कारण उत्तरपत्रिकेवर लिहायचं.

अर्धवटराव
मग निकाल पुढच्या गणपतीत लागेल. रिव्हॅल्युएशनचा अर्ज दोघांपैकी कोणाच्या टेबलावर ठेवायचा, तेही आत्ताच ठरवून ठेवा.