चिंगी ओट्यावर चढेनाशी झालीय. वय की संधिवात?

रामबागची आजी, इंदूर
आमची मांजर चिंगी 13 वर्षांची. लंगडत नाही, ओरडत नाही, खाते व्यवस्थित. पण एका उडीत ओट्यावर जाणारी ही आता खाली बसून मागचे पाय दोनदा चाळवते, वर बघते आणि निघून जाते. कमरेवरच्या केसांच्या गाठी झाल्यात, हात लावला की चावायला येते. आठवडाभर शी वाळूच्या घमेल्याबाहेर, अगदी कडेला. घरचे म्हणतात, म्हातारी झाली. मला पटत नाही. आमचे हे म्हणतात, तापाच्या गोळीचा पाव तुकडा देऊन बघू. देऊ का?

महूकर
आजी, ती गोळी अजिबात देऊ नका! पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही, रक्त बिघडतं, हिरड्या तपकिरी पडतात, थोडक्या गोळीनेही जीव जातो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको.
आणि दोन्ही बाजूंचे सांधे दुखत असले तर ती लंगडणार कोणत्या पायाने? मांजर उडी मारणंच सोडतं. कंबर वळत नाही म्हणून चाटणं राहतं, त्याच्या या गाठी. घमेल्याचा काठही आता उंच पडत असेल.
घरातच तिच्या चढण्या-उतरण्याचा व्हिडिओ काढा. दवाखान्याच्या टेबलावर ती दगडासारखी बसेल, डॉक्टरांना काही दिसणार नाही. आमच्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही दाखवता येईल. औषधाआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) तपासायला सांगाच, या वयात किडनी अधू असू शकते.

बोक्याची ताई
आजी, नखंही बघा. आमचा 15 वर्षांचा बोका खांबावर नखं घासेनासा झाला. पुढच्या पायाचं आतलं नख गोल वळून तळव्याच्या गादीत रुतलं, पू झाल्यावर आम्हाला कळलं. रोज मांडीवर बसायचा तो. अजून मनाला लागतं.

रामबागची आजी, इंदूर
दाखवून आणलं. एक्स-रेत दोन्ही कोपरं आणि खुबे झिजलेले. रक्त ठीक निघालं, म्हणून सांधेदुखीसाठी मेलोक्सिकॅम औषधाचे थेंब, डॉक्टरांनी लिहिले तेवढेच, जेवणासोबत. वजन 5.8 किलो, हळूहळू उतरवायचंय. एकदम उपाशी ठेवलं तर यकृतावर चरबी चढते म्हणाले. प्लास्टिकचा टब एका बाजूने कापून त्यात वाळू घातली, त्या दिवसापासून शी आतच. ओट्यापाशी पाट आणि त्याच्यापुढे स्टूल ठेवलंय. काल पाटापर्यंत आली.
थंडीत रात्री गरम पाण्याची पिशवी चालेल ना?

महूकर
चालेल. जाड टॉवेलात गुंडाळून, आणि नको वाटलं तर तिला उठून जाता येईल अशी ठेवा.