फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही: केबल बदलावी की जोडणीच बदलावी?

अक्षरजुळणी:
नमस्कार. मी घरून पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करतो आणि त्यासाठी नुकताच २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला आहे. सोबत आलेल्या एचडीएमआय केबलने तो लॅपटॉपला जोडला, तेव्हा ३८४०×२१६० या रिझोल्यूशनला रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा) ३० हर्ट्झच मिळतो. पान सरकवताना ओळी धक्के खात सरकतात आणि संध्याकाळपर्यंत डोळे शिणतात. १९२०×१०८० ठेवले तर ६० हर्ट्झ मिळतात, परंतु मग रफार आणि उकार इतके भरड दिसतात की मुद्रितशोधन करणे अवघड होते. दुकानदाराने सोन्याचा मुलामा असलेली महागडी एचडीएमआय केबल सुचवली आहे. तिचा उपयोग होईल का? लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एचडीएमआय १.४ असा उल्लेख आहे. एक यूएसबी-सी पोर्टही आहे, पण तो मी चार्जिंगसाठी वापरतो. मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही आहेत.

तांब्याचीतार:
ती केबल कृपया घेऊ नका, कारण अडचण तुमच्या केबलमध्ये नसून लॅपटॉपच्या पोर्टमध्ये आहे. फोर-के चित्रात सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात; प्रत्येकाला २४ बिट धरून ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे, तर सुमारे १२ गिगाबिट माहिती जावी लागते, आणि एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी जेमतेम ८ गिगाबिट जाऊ शकते. म्हणून लॅपटॉप आपणहून ३० हर्ट्झवर उतरतो. सोन्याच्या मुलाम्याने टोके गंजत नाहीत एवढेच. पोर्टची क्षमता वाढत नाही. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ला हे काम जमते, पण तो पोर्ट लॅपटॉपलाच असायला हवा.

तुमची वाट यूएसबी-सी मधून जाते. त्या पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचे ‘डी’सारखे चिन्ह किंवा थंडरबोल्ट या जलद जोडणीचे विजेचे चिन्ह कोरलेले आहे का, ते पाहा, चिन्ह नसल्यास माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोधा, कारण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. सोय असेल तर यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी थेट केबल घ्या, शक्यतो दोन मीटरच्या आतली. मोबाइलच्या चार्जरची केबल येथे चालणार नाही.

निळीशाई:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. काम अक्षरांचे असल्यामुळे एक भर घालतो. ६० हर्ट्झ मिळाले की ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचे स्वरूप आरजीबी किंवा ४:४:४ (म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) आहे ना, याची खात्री करा. ४:२:० असेल तर चार पिक्सेलना मिळून एकच रंग पाठवला जातो; चित्रपट पाहताना ते जाणवत नाही, पण रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटतात. निळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात ‘ऱ्ह’ आणि ‘र्क्ष’ लहान टंकात लिहून पाहा. रफार सुटा आणि स्वच्छ दिसला तर सगळे ठीक आहे.

अक्षरजुळणी:
दोघांचेही मनापासून आभार. ‘डी’चे चिन्ह आहे! पण पोर्ट एकच असल्यामुळे चित्र तेथून घेतले तर चार्जिंग कोठून करावे?

तांब्याचीतार:
मग थेट केबलऐवजी डिस्प्लेपोर्ट आणि चार्जिंग असे दोनच पोर्ट असलेला छोटा अडॅप्टर घ्या, आणि त्यावर ‘फोर-के ६० हर्ट्झ’ असे स्पष्ट छापलेले असेल तरच घ्या. एचडीएमआय, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड असे सर्व काही असणारे स्वस्त हब टाळा: यूएसबी-सीच्या चार जलद मार्गांपैकी दोन ते यूएसबीसाठी राखतात, उरलेल्या दोनवर अनेकदा पुन्हा ३० हर्ट्झच पदरात पडतात. अडॅप्टरमधून जाणारी वॉट क्षमता तुमच्या चार्जरपेक्षा कमी नसावी. सर्व जोडूनही ३० च दिसले, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर ठेवलेली आहे का, ते पाहा. काही मॉनिटरांत ती हाताने १.२ करावी लागते.