विषय: टू बेडच्या क्लीनिंगचा दर, आज रात्रीपर्यंत सांगायचाय

प्रेषक: मेघना (स्लाऊ)
गुरुवार, दुपारी १२.४२

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. हाउन्स्लोचं भाड्याचं घर, टू बेड, टू बाथ, भाडेकरू सोडतायत म्हणून साफ करायचंय. रविवारी किल्ल्या परत जाणार, म्हणजे आमच्या हातात शनिवार. मी आणि वैशाली, दोघीच. जे घर सोडतायत ते मंडळाच्या याच लिस्टवर आहेत म्हणून नाव घेत नाही. त्यांचं म्हणणं, बेडरूममागे ९० पाउंड हा सगळीकडचा दर आहे, तेव्हा १८० घ्या, सगळं धरून. वैशाली म्हणते २५० च्या खाली हात लावायचा नाही. त्यांनी पाठवलेल्या फोटोत ओव्हनच्या काचेतून आतलं काहीच दिसत नाहीये.

दोनच प्रश्न. ओव्हन दरात धरायचा की वेगळा? आणि घरमालकाच्या एजंटने घर तपासून नापास केलं तर पुन्हा फुकट जायचं का? संक्रांतीला ज्यांच्याशी बोलणं झालं होतं त्यांनी कृपया लवकर लिहा.

मेघना

—

प्रेषक: शिरीषकाका (हॅरो)
गुरुवार, दुपारी १.१०

चि. मेघना,

२५० म्हणजे फारच झाले. आम्ही या देशात आलो तेव्हा घर सोडताना साफसफाईला माणूस बोलवायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. मी आणि तुझी काकू, एक बादली, व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र कालवून दिवसभर घासत बसलो. काचा वर्तमानपत्राने पुसल्या. घरमालकीण बाई बघायला आल्या आणि चहा पिऊन गेल्या. आपल्याच माणसाकडून इतके घेऊ नयेत असं माझं मत.

शिरीषकाका

—

प्रेषक: वैशाली
गुरुवार, दुपारी १.२६

काका, आपल्याच माणसाचा ओव्हन असला तरी त्यातलं तूप आपोआप निघत नाही.

वैशाली

—

प्रेषक: केतकी (वेम्बली)
गुरुवार, दुपारी २.०५

काकांना उत्तर आधी. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ पाणीच उरतं. वेगवेगळे वापरा. लाइमस्केलला, म्हणजे जड पाण्याच्या पांढऱ्या थराला, व्हिनेगर, तेलकटाला सोडा. आणि ज्या दिवशी व्हिनेगर त्या दिवशी ब्लीचची बाटली उघडायचीसुद्धा नाही, विषारी वायू होतो. मार्बलच्या ओट्यावर व्हिनेगर चालत नाही, हेही लिहून ठेवा.

आता मेघना. बेडरूम मोजून दर लावणं म्हणजे बेडरूम साफ करायला वेळ लागतो असं समजणं. रिकामी बेडरूम म्हणजे कपाटाच्या आतल्या फळ्या, स्कर्टिंग, खिडकीची चौकट, व्हॅक्युम, अर्ध्या तासात बाहेर. वेळ खातं ते किचन आणि बाथरूम. इन्व्हेंटरी क्लार्क म्हणून, म्हणजे घराची स्थिती नोंदवायला, मी जेव्हा चेक-आउटला जाते तेव्हा पहिल्यांदा ओव्हन उघडते, मग चिमणीची जाळी, मग फ्रीजचं रबर, मग शॉवरचा स्क्रीन. तुमच्याकडचं पाणी कसलं जड आहे ते तुला माहीतच आहे. दोन बाथरूम म्हणजे दोन स्क्रीन, दोन नळ, दोन पांढरे थर. वन बेडला दोन बाथ असते तरी मी हेच म्हटलं असतं.

पण सगळ्यात आधी चेक-इन रिपोर्ट मागव, भाडेकरू राहायला आला तेव्हा घर कसं होतं त्याची नोंद. तो न बघता आकडा सांगू नकोस. भाडेकरूने घर जसं मिळालं तसं परत द्यायचं असतं, वापराची साधी झीज सोडून. त्याहून चांगलं नाही. रिपोर्टमध्ये ‘प्रोफेशनल स्टँडर्डला स्वच्छ’ असं असेल तर तेवढं करावं लागेल. ‘घरगुती स्वच्छता’ असेल तर तुम्ही दोघी दिवसभर कुणासाठी राबताय?

केतकी

—

प्रेषक: आनंद (रेडिंग)
गुरुवार, दुपारी २.४०

घरमालकाच्या बाजूनेही कुणी बोलावं म्हणून लिहितो. माझी दोन घरं भाड्याने आहेत. मी करारातच घालतो की जाताना प्रोफेशनल क्लीनिंगची पावती दाखवायची. मेघनाताईंनी पावती देता येईल एवढं पाहावं, दर दुय्यम. आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांच्या फोडण्यांचा वास पडद्यात बसतो, तो साध्या पुसण्याने जात नाही. त्याचे वेगळे लावा.

आनंद

—

प्रेषक: केतकी (वेम्बली)
गुरुवार, दुपारी २.५८

आनंददादा, ती अट काढून टाका. भाडेकरूकडून काय मागता येतं ते ठरवणारा टेनंट फीज अॅक्ट २०१९ मध्ये आला, १ जूनपासून लागू झाला आणि वर्षभराने जुन्या करारांनाही. घर प्रोफेशनल दर्जाचं स्वच्छ करून द्या एवढं म्हणता येतं. पैसे देऊन माणूस बोलवाच, पावती दाखवाच, असं म्हणता येत नाही. पहिल्याच तक्रारीला पाच हजार पाउंडांपर्यंत दंड आहे. भाडेकरूने स्वतः घासलं आणि लख्ख निघालं तर विषय संपला.

केतकी

—

प्रेषक: सायली (कार्डिफ)
गुरुवार, दुपारी ३.१५

केतकीचं बरोबर आहे, पण ते फक्त इंग्लंडपुरतं. वेल्सचा कायदा वेगळा आहे, तोही २०१९ चाच. इकडे आहोत आम्ही अजून, कधीतरी आठवण ठेवा.

सायली

—

प्रेषक: वैशाली
गुरुवार, दुपारी ३.२२

फोडणीच्या वासाचे वेगळे लावा म्हणे. केंटमधल्या एका मोठ्या घरमालकाने करीच्या वासाचं कारण सांगून आशियाई भाडेकरूंना घरं द्यायची नाहीत असा फतवा काढला होता. २०१७ साली कोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला. आनंददादा, तुमच्या रेटकार्डावर लिहायच्या आधी एकदा विचार करा. पॅनमध्ये बेकन तळणाऱ्यांच्या चिमण्याही मी घासल्यात. जाळीला चिकटलेलं तेल हे तेल असतं.

वैशाली

—

प्रेषक: आनंद (रेडिंग)
गुरुवार, दुपारी ३.३०

मी तसं म्हटलं नव्हतं. माझ्या घरातही रोज फोडणी होते. असो.

—

प्रेषक: प्रसाद (वॉटफर्ड)
गुरुवार, दुपारी ४.१८

मंडळी, वास बाजूला ठेवून हिशोब करू या. दरवेळी मलाच करावा लागतो.

नॅशनल लिव्हिंग वेज, म्हणजे तासाचा सरकारी किमान पगार, एप्रिल २०२५ पासून वर्षभर १२.२१ पाउंड, एप्रिल २०२६ पासून १२.७१. मी १२.२१ धरतो. हे नोकरीतल्या माणसाचं. त्याला सुट्टीचा पगार मिळतो, तो धरला की तासाला सुमारे १३.६८ होतात. मेघना-वैशालीला सुट्टीचा पगार कोण देणार? म्हणून ज्या दिवशी तुम्ही १३.६८ च्या खाली उतरता त्या दिवशी कुठल्याही दुकानात नोकरी केलेली बरी.

खोल्या, दोन बाथ, ओव्हन सोडून किचन: दोघींचे मिळून नऊ तास. ओव्हन आणि चिमणी: दोन तास. स्लाऊहून जाणं-येणं दोघींचं मिळून दोन तास. तेरा तासांचे १७७.८४. सामान १५ धरा. मेघना, तुमची डिझेल गाडी जुनीच आहे ना? स्लाऊ लंडनबाहेर आहे पण हाउन्स्लो आत, आणि ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचा रोजचा आकार, लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये आहे, शनिवारी-रविवारीसुद्धा. १२.५० द्या. एकूण २०५.३४. यात इन्शुरन्स नाही, पोछे धुणं नाही, हे मेल वाचण्यात गेलेला तुमचा वेळ नाही.

१८० मध्ये सगळं, म्हणजे मिलिंदच्या घरी जाऊन त्यालाच पंचवीस पाउंड देऊन येणं.

प्रसाद

ता. क. वर्षाला हजार पाउंडांच्या वर धंदा गेला की सेल्फ असेसमेंटला, म्हणजे स्वतः टॅक्स रिटर्न भरायला, नाव नोंदवा. मागे सांगितलं होतं.

—

प्रेषक: मिलिंद (हाउन्स्लो)
गुरुवार, दुपारी ४.३१

प्रसादने नाव फोडलंच आहे तर लिहितो. १८० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या उन्हाळ्यात एकाने तेवढ्यातच करून घेतलं, ओव्हनसकट. आणि डिपॉझिट माझं अडकलंय, पाच आठवड्यांचं भाडं. एजंटने साफसफाईच्या नावाखाली त्यातले तीनशे कापले तर मेघनाताईंना दिलेले पैसे गेले ते गेलेच, वर हे. म्हणून पुन्हा येण्याची हमी हवी, नाहीतर मी त्या ऑनलाइनवाल्यांकडे जातो.

केतकीताई, चेक-इन रिपोर्ट जोडलाय. चव्वेचाळीस पानं आहेत.

मिलिंद

—

प्रेषक: ओंकार (अक्सब्रिज)
गुरुवार, दुपारी ४.४०

नमस्कार, मी सप्टेंबरमध्ये आलोय, शनिवारी मोकळा असतो. मला पन्नास दिले तरी मी ओव्हन करतो.

ओंकार

—

प्रेषक: प्रसाद (वॉटफर्ड)
गुरुवार, दुपारी ४.४४

ओंकार, नको. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा चालत नाही, सुटी कामं घेऊन बिल लावणं म्हणजे तोच. टर्म चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही रीतसर नोकरीत, पगारपत्रकावर. पन्नास पाउंडांसाठी व्हिसा धोक्यात घालू नकोस. रविवारी जेवायला ये.

प्रसाद

—

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, संध्याकाळी ५.०२

सर्व सभासदांना नम्र विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. व्यावसायिक जाहिराती त्रैमासिकात, पाव पानाला ठरलेला दर भरून द्याव्यात. मेघनाताईंचा प्रश्न जाहिरात नाही हे मान्य, पण पुढे कुणी रेटकार्ड चिकटवू नये.

दुसरं. या निमित्ताने विचारतो, मंडळाचं कार्पेट धुण्याचं मशीन सध्या कुणाकडे आहे? हळदीकुंकवानंतर हॉलवाल्यांनी डिपॉझिट कापलं म्हणून ते घेतलं होतं. वहीत शेवटची नोंद पिनरची आहे.

खजिनदार

—

प्रेषक: शिरीषकाका (हॅरो)
गुरुवार, संध्याकाळी ५.२०

मशीन पिनरला नाही. पिनरहून ते दिवाळीआधी आमच्याकडे आलं, आमच्याकडून नाटकाच्या ग्रुपने नेलं. हॉलच्या कार्पेटवर कुंकू सांडलं तेव्हा मी म्हटलं होतं की आधी कोरडंच झटका, पाणी लावू नका. कुणी ऐकलं नाही. हळदीचं तसं नाही, हळद उन्हात ठेवली की उडते. फक्त इथे ऊन आणायचं कुठून.

शिरीषकाका

—

प्रेषक: केतकी (वेम्बली)
गुरुवार, संध्याकाळी ६.१५

रिपोर्ट वाचला. मिलिंद, पान एकतीस तू कधी उघडलंस का? ‘ओव्हन: आतून तेलाचे दाट थर, मागची बाजू काळी, ट्रेवर जळके डाग.’ फोटो तीन आहेत. तू राहायला आलास त्या दिवशीच तो तसा होता! बाकी घराला ‘प्रोफेशनल स्टँडर्ड’ म्हटलंय, बाथरूमसकट.

म्हणजे ओव्हन चमकवून देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. तू आल्यानंतरचं जे काही सांडलं असेल तेवढं पुसून द्यायचं. वाद झालाच तर डिपॉझिट सांभाळणाऱ्या स्कीमच्या निवाड्यात पुरावा घरमालकाने द्यायचा असतो, आणि त्याला हे पान स्वतःच दाखवावं लागेल.

केतकी

—

प्रेषक: आनंद (रेडिंग)
गुरुवार, संध्याकाळी ६.२८

तरीही चार वर्षांचा स्वयंपाक त्यावर झालेला आहे. सगळं पहिल्या दिवसाचंच कसं म्हणता येईल?

—

प्रेषक: केतकी (वेम्बली)
गुरुवार, संध्याकाळी ६.३३

नाही म्हणता येणार. म्हणून पुसायचा, सोडून द्यायचा नाही. पण ओव्हन क्लीनिंगचं पूर्ण बिल काही त्याच्यावर फाडता येणार नाही.

—

प्रेषक: प्रसाद (वॉटफर्ड)
गुरुवार, संध्याकाळी ६.५०

ओव्हन-चिमणीचे दोन तास काढले तर २०५.३४ चे १७७.९८ होतात. मिलिंद लगेच उड्या मारू नकोस. १८० मध्ये दोघींना मिळून दोन पाउंड उरतात. आणि चिमणी रिपोर्टात ‘स्वच्छ’ आहे, ती करावीच लागेल. मी पाहिलं.

प्रसाद

—

प्रेषक: मेघना (स्लाऊ)
गुरुवार, रात्री ८.३७

सगळ्यांचे आभार. वैशालीशी बोलले, हे असं ठरवलंय.

मिलिंद, २१५. यात चिमणी आहे, दोन्ही स्क्रीनचं लाइमस्केल आहे, ओव्हन वरवर पुसून. पावतीवर ‘ओव्हनची सखोल सफाई वगळून, चेक-इन रिपोर्ट पान ३१ पाहावे’ असं लिहून देईन. ओव्हन पूर्ण हवा असेल तर ४५ वेगळे, आणि मग शुक्रवारी रात्री जाळ्या माझ्याकडे आणून टाकायच्या, त्या कॉस्टिकच्या पिशवीत रात्रभर भिजल्या तरच निघतात. ट्रे अॅल्युमिनियमचा असेल तर तो नाही घेणार, कॉस्टिकने काळा पडतो आणि भरपाई माझ्यावर.

पुन्हा येण्याचं. एकदा येऊ, फुकट, किल्ल्या दिल्यापासून तीन दिवसांत. पण एजंटने काय राहिलं ते लेखी, फोटोसकट द्यायचं, आणि ते आमच्या यादीतलं असलं पाहिजे. भिंतीवरचे खिळ्याचे भोक आमच्या यादीत नाही. शनिवारी आम्ही पोचू तेव्हा घरात एकही खोका नको. मागच्या वेळी लोक सामान भरत होते आणि आम्ही त्यांच्या पायाखालून पुसत होतो. खोका दिसला तर तासाला २० प्रत्येकीचे.

कार्पेटचं दरात नाही. डाग नाहीत म्हणतोस, व्हॅक्युम पुरेल.

मेघना

—

प्रेषक: मिलिंद (हाउन्स्लो)
गुरुवार, रात्री ९.०४

२१५ ठीक. ओव्हन तसाच राहू दे. खोके शुक्रवारी रात्री जातील. बेडरूममध्ये चहाचा एक डाग आहे, छोटासाच. मंडळाचं मशीन मिळालं तर मीच काढीन.

मिलिंद

—

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, रात्री ९.११

मशीन सभासदांच्या घरगुती वापरासाठी आहे, धंद्यासाठी नाही, तसा ठराव आहे. मिलिंद स्वतः वापरणार असेल तर हरकत नाही, वीस पाउंड अनामत. मेघनाताईंनी ते हाताळायचं नाही. नाटकाच्या ग्रुपने कळवावं, मशीन कुठे आहे?

खजिनदार

—

प्रेषक: वैशाली
गुरुवार, रात्री ९.१९

आम्हाला नकोच आहे ते. त्याचा होज फाटलाय.