पट 204, वापरात खोल्या चार, आणि प्रस्तावावर शेरा: "खोल्या पुरेशा"

गोदाकाठ:
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी, सात शिक्षक. खोल्या सात, पण तीन निजामकाळातल्या माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेल्या. तुळया वाकल्यात म्हणून दोन वर्षांपासून कुलूप आहे. तिसरी-चौथीची मिळून 58 लेकरं 20 बाय 24 फुटांच्या एका खोलीत बसतात, डोक्यामागे जेमतेम सव्वाआठ चौरस फूट. तीन नव्या खोल्यांचा प्रस्ताव "पुरेशा" म्हणून परत आला. आता कुठून सुरुवात करायची? पैसा कोणत्या योजनेतून मिळतो?

पाटीपेन्सिल:
दादा, कागदावर तो शेरा बरोबर बसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात एका शिक्षकामागे किमान एक वर्गखोली धरली आहे. तुमचे शिक्षक सात आणि यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, खोल्याही सातच. कुलूप लावलं म्हणून खोली हिशेबातून जात नाही, त्यासाठी निर्लेखन, म्हणजे ती वापरातून बाद केल्याची रीतसर मंजुरी, लागतं.

आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. त्यात "खोल्या खराब आहेत" एवढंच लिहू नका. कोणती खोली, लांबी-रुंदी, कोणती तुळई वाकली, भिंत कुठे फुगली, हे खोलीगणिक लिहा आणि तारखेसह फोटो जोडा. मुख्याध्यापकांमार्फत हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. बांधकाम उपविभागाचे अभियंता पाहणी करून धोकादायक असल्याचा दाखला देतील, मग जिल्हा परिषदेची निर्लेखन मंजुरी. यू-डायसमध्येही त्या तीन खोल्या जीर्ण म्हणून भरल्यात का, ते बघून घ्या. दाखल्यात एक आकडा आणि यू-डायसमध्ये दुसरा असला की फाईल तिथेच अडते.

मंजुरीआधी गावाने उत्साहात पाडकाम करू नये. इमारत सरकारी मालमत्ता आहे, सागवानी तुळया आणि दगडाचाही रीतसर लिलाव होतो. नाहीतर लेखापरीक्षणात मुख्याध्यापक सापडतात.

हिशेबवही:
पैशाच्या मुख्य वाटा दोन. पहिली जिल्हा वार्षिक योजना, म्हणजे नियोजन समितीचा निधी. त्यात नवीन वर्गखोल्या आणि दुरुस्ती वेगवेगळ्या धरतात, म्हणून दोन्हींचा एकच प्रस्ताव करू नका. हा निधी जिल्हा परिषदेला मिळाल्यावर पुढच्या आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत खर्चता येतो. जागेचा वाद निघाला की हीच मुदत हातातून जाते. शाळेची जागा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला (मालमत्तांच्या नोंदवहीत) किंवा सातबाऱ्यावर शाळेच्या नावे आहे का, ते आजच बघा. आजोबांनी तोंडी दिलेली जमीन असेल तर आधी दानपत्र आणि फेरफार.

दुसरी वाट समग्र शिक्षा, म्हणजे शालेय शिक्षणाची केंद्र-राज्य मिळून चालणारी योजना, पैशात केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के. तिचा वार्षिक आराखडा यू-डायसवरून होतो, म्हणून यंदाची चूक पुढच्या वर्षी भोवते.

तुमच्या पटाला, म्हणजे 101 ते 250 ला, संयुक्त शाळा अनुदान 50,000 रुपये बसतं. ते देखभाल-स्वच्छतेसाठी आहे, त्यातून खोली उभी राहत नाही.

मागणीत मुख्याध्यापकांची खोलीही घाला. कार्यालय आणि भांडार मिळून एक खोली शिक्षण हक्क कायद्याच्या त्याच परिशिष्टात आहे, आणि बहुतेक प्रस्तावांत ती राहून जाते.

ओळंबा:
अंदाजपत्रक होतानाच पायाकडे लक्ष द्या. गोदाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. उथळ पायाच्या खोलीला मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते, आणि गिलावा केला तरी पुढच्या वैशाखात ती पुन्हा उघडते. कठीण मुरूम लागेपर्यंत खोदाई हवी. मुरूम फार खोल असेल तर आरसीसी कॉलम आणि जोत्याला बीम. खोदून निघालेली काळी माती जोत्यात परत भरायची नाही. मुरूम वीतभर थराने, पाणी मारून, दबाई करत भरायचा.

30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आपल्याच भागातला. जोत्याला आणि खिडक्या-दारांच्या वर सलग आरसीसी पट्टा अंदाजपत्रकात आहे का, ते वाचून घ्या.

स्लॅब ऐन उन्हाळ्यात टाकला आणि गावाला टँकर चालू असेल तर क्युरिंग बुडतं. स्लॅबवर मातीची आळी करून किमान दहा दिवस पाणी उभं ठेवायचं. पाण्याची सोय काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या.

गोदाकाठ:
समजलं. तोवर त्या 58 लेकरांचं काय?

पाटीपेन्सिल:
शिक्षक सात आहेत, म्हणजे अडचण फक्त जागेची. गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेऊन दोन सत्रं करा. नाहीतर ग्रामपंचायतीचं सभागृह मागा, पण त्यासाठी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तिथे शौचालय व पिण्याचं पाणी आहे का ते आधी बघा. कुलूप लावलेल्या माळवदाखाली, आणि त्याच्या भिंतीलगतच्या सावलीतही, कुणाला बसवू नका. पावसाने माती भिजली की माळवदाचं वजन वाढतं.