पेन्शनसाठी अजून काही महिने कंपनीत थांबावं का?

टूलरूम_३७
मंडळी, हिशेब अडलाय. १ ऑगस्ट २०१६ पासून रांजणगावला एकाच कंपनीत आहे. लागताना बेसिक १३,५००, आता २४,०००. पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात. मेअखेर ८ वर्षं १० महिने भरतील. वय ३७, घरात बायको आणि एक मुलगी. भोसरीतल्या १२ माणसांच्या डाय-मेकिंग वर्कशॉपमधून बोलावणं आहे. पगार ९,००० ने जास्त, पण तिथे पीएफ नाही. एचआर म्हणतो, साडेनऊ वर्षं झाली की पेन्शन पक्की, थांब. आजवरची बिनपगारी रजा ४१ दिवस. थांबू की निघू?

पगारपत्रक
आधी पेन्शन किती ते बघा, मग थांबायचं ठरवा. पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं, म्हणजे ईपीएस-९५ चं सूत्र: पेन्शनपात्र पगार × सेवेची वर्षं ÷ ७०. पगार शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीने घेतात, पण मर्यादा १५,००० ची. तुमचं बेसिक २४,००० असलं तरी १५,०००च धरणार. म्हणजे १५,००० × १० ÷ ७० = महिना २,१४३ रुपये, तेही वयाच्या ५८ पासून. त्यावर महागाई भत्ता नाही. तुम्हाला ५८ व्हायला २१ वर्षं आहेत. महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे सव्वासहाशे-साडेसहाशे रुपये होतात.

साडेनऊची गोष्ट बरोबर आहे: सहा महिने किंवा जास्त असलेलं अपूर्ण वर्ष पूर्ण धरतात. पण तुमची तारीख ३१ जानेवारी २०२६ नाही. बिनपगारी दिवस कंपनीच्या मासिक पीएफ विवरणात (ईसीआर) 'एनसीपी डेज', म्हणजे वर्गणी न भरलेले दिवस, म्हणून जातात आणि सेवेतून वजा होतात. ४१ दिवस धरले की मार्चचा मध्य येतो, म्हणून मार्चअखेर धरा. बिनपगारी (एलओपी) दिवस पगाराच्या स्लिपवरून स्वतः मोजा. एचआरच्या तोंडी आकड्यावर राजीनाम्याची तारीख ठरवू नका. नोटिशीचे दिवस नव्या मालकाने पैसे भरून सोडवून घेतले तर तेवढी सेवा गेली. रजेचे पैसे मिळाले म्हणून सेवा वाढत नाही.

आता थांबण्याची किंमत. नव्या जागी ९,००० जास्त, पण कंपनीचा १२ टक्के वाटा, २,८८०, जाणार (त्यातले १,२५० पेन्शन खात्यात, १,६३० पीएफमध्ये). खरा फायदा महिना ६,१२०. दहा महिन्यांचे ६१,२००. उलट थांबलात तर ग्रॅच्युइटीचं एक वर्ष वाढतं: २४,००० × १५ ÷ २६ = १३,८४६. मेअखेर ९ वर्षांची १,२४,६१५ मिळेल, मार्चअखेर १० ची १,३८,४६२. निव्वळ तोटा सत्तेचाळीस हजारांच्या घरात.

त्या बदल्यात हातचं काय जातं तेही बघा. साडेनऊ वर्षांच्या आत बाहेर पडलात तर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढता येतात. जून २०२४ पासून ते पूर्ण महिन्यांवर मोजतात. तुमच्या बाबतीत १,३०,००० च्या आसपास धरा. पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी (हाच दर टिकला तर) २१ वर्षांत साडेपाच लाखांच्या जवळ जातात. २,१४३ ची पेन्शन तेवढी भरायला ५८ नंतर २१ वर्षं लागतील. साडेनऊ ओलांडलं की १०-सी ने पैसे काढायची वाट बंद, फक्त स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे भरलेल्या सेवेचा दाखला, मिळतो. नुसत्या पेन्शनच्या रकमेसाठी मी तरी थांबा म्हणणार नाही.

स्कीम_सर्टिफिकेट
वरचा हिशेब चोख, पण कुटुंबाची बाजू राहिली. पैसे काढले नाहीत आणि १०-सी मधूनच स्कीम सर्टिफिकेट घेतलं, तर ५८ च्या आधी काही बरंवाईट झाल्यास पत्नीला पेन्शन लागते (किमान १,०००) आणि मुलीला पंचविशीपर्यंत त्याच्या २५ टक्के. सव्वा लाख काढले की हे संपलं.

त्याहून मोठी गोष्ट ईडीएलआय विम्याची, ती कुणी सांगत नाही. पीएफच्या नोकरीत असताना मृत्यू झाला तर १५,००० च्या मर्यादेत सरासरी पगाराच्या ३५ पट, म्हणजे ५,२५,०००, अधिक पीएफ शिलकीच्या निम्मे (जास्तीत जास्त १,७५,०००): एकूण कमाल ७ लाख. पीएफ नसलेल्या जागी हे नाही. राजीनामा टाकण्याआधी टर्म पॉलिसी हातात घ्या, नंतर नाही.

आणि एक: पेन्शन कंपनीची नसते, यूएएनची, म्हणजे तुमच्या कायमच्या पीएफ नंबरची असते. नव्या जागी पीएफ असता तर हा प्रश्नच नव्हता, सेवा जोडली गेली असती. तुमची खरी अडचण वर्कशॉपच्या १२ माणसांची आहे. २० च्या खाली पीएफ सक्तीचा नाही. मालक तयार असेल तर स्वेच्छेने नोंदणी करता येते. तेवढं विचारून बघा, नाही म्हणाला तर बिघडत नाही. ग्रॅच्युइटी मात्र १० माणसांपासून लागते, ती तिथेही धरा.

ईसीआर_वाला
निघायच्या आधी पीएफचं पासबुक उघडा. तिसरा रकाना पेन्शनचा. बेसिक १५,००० पार झाल्यावर काही ठिकाणी पेन्शनची वजावट चुकून बंद करतात आणि सगळे १२ टक्के पीएफमध्ये टाकतात. एकेक महिना बघा, बेसिक १५,००० झाल्यापासून पूर्ण पगाराच्या महिन्याला १,२५० दिसायला हवेत. शून्य दिसलं तर नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्या. बाहेर पडल्यावर अकाउंट्सवाले फोन उचलत नाहीत.

दुसरं, फॉर्म १९ आणि १०-सी वेगळे आहेत. १९ ने पीएफ निघतो, पेन्शनची सेवा शाबूत राहते. लोक पोर्टलवर दोन्ही एकदम टाकतात आणि नऊ वर्षं पुसून बसतात. फॉर्म ३१ ने पीएफमधून अ‍ॅडव्हान्स घेतला तर पेन्शनला धक्का लागत नाही. कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून तुम्हीच टाकू शकता.

टूलरूम_३७
आभार. म्हणजे मेअखेर निघून सर्टिफिकेट घ्यावं असं दिसतंय. पुढे कधी पीएफवाल्या कंपनीत गेलो, तर उरलेले महिने तिथे भरतील ना? तेव्हा बेसिक १५,००० च्या वरच असेल.

ईसीआर_वाला
भरतील. आठ महिने आणि ४१ दिवस, म्हणजे साडेनऊ महिने पुरेत. सर्टिफिकेट असेल तर सदस्यत्व चालू असतं, बेसिक कितीही असो. पैसे काढून नंतर १५,००० च्या वरच्या पगारावर रुजू झालात तर मात्र ईपीएसमध्ये पुन्हा घेतच नाहीत. रुजू होताना भरायच्या फॉर्म ११ मध्ये 'आधी ईपीएस-९५ चे सदस्य होता का' याला 'हो' करा, सर्टिफिकेटचा नंबर लिहा आणि झेरॉक्सवर एचआरची पोच घ्या.