केमिकलमधून फ्लुइड मेकॅनिक्सचा प्रोफेसर व्हायचं म्हणतो, घरी कसं पटवू?

वावरातला_पोट्टा
यवतमाळकडच्या खेड्यातला आहे, नागपुरात केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाले. सगळे पोट्टे प्लेसमेंटच्या मागं आन् मले फ्लुइड मेकॅनिक्स आवडून राहिलं, त्यातच पीएचडी करून शिकवावं वाटते. बाबा म्हणतात पाणी नळीतून कसं वाहते हे शिकायले अजून सात वर्षं कायले पाहिजे, आपल्या वावरात रोज वाहते. घरी कपाशीवर सगळं, पैसे मागायची सोय नाई. या लाईनीत कोणी असन तर खरं सांगजा.

जुना_हॉस्टेलवाला
पैसे मागूच नको भाऊ, गेटची परीक्षा काढ. गेटवर एम.टेक.ले महिन्याले १२,४०० भेटतात, पीएचडीत जेआरएफ (सरकारी फेलोशिप) लागली तर ३७,००० अधिक घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. पोट भागते. खरा त्रास वेगळाच, एम.टेक. दोन वर्षं, पीएचडी चार-पाच, मंग पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं कच्चं संशोधनाचं काम), पक्की जागा लागेपर्यंत तिशी उलटते आन् तवर तुझा दोस्त रिफायनरीत लागून पोळ्याले स्वतःच्या गाडीनं गावी येते. हे पाहवत असन तर जा.

बुडबुडेवाला
मी याच विषयात शिकवतो. नुसतं नळीतलं पाणी नसतं रे, रिअॅक्टरमधे द्रवात गॅस सोडला की बुडबुडे कसे चढतात, किती मिसळतात, यावर लोकांची अख्खी करिअर गेलीत. मुंबईच्या यूडीसीटीतल्या (आताची आयसीटी) ज्येष्ठराज जोशी सरांचं बबल कॉलमवरचं, म्हणजे असे बुडबुडे सोडायच्या उभ्या रिअॅक्टरवरचं, काम बघ, २०१४ ला पद्मभूषण मिळालं त्यांना. आता बरंचसं काम कॉम्प्युटरवर सीएफडीनं, म्हणजे प्रवाहाची गणितं कॉम्प्युटरकडून सोडवून, होतं, म्हणून कोडिंग आत्ताच शिक. अजून एक, नुसत्या एम.टेक.वर खाजगी कॉलेजात घुसू नको, मी घुसलो होतो, पाच महिने पगार नव्हता आणि वरून अॅडमिशन आणायला गावोगाव फिरवलं.
बाबांना ड्रिपवरून सांग. लॅटरलमधे, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या ड्रिपच्या नळीत, पाणी शिरताना खवळलेलं असतं, प्रत्येक ड्रिपर थोडं थोडं काढून घेतो, वेग उतरत जातो, रेनॉल्ड्स नंबर (वेग, नळीची जाडी आणि द्रवाचा घट्टपणा यांवरून निघणारा आकडा) साधारण २,००० च्या खाली आला की टोकाला तेच पाणी शांत, थराथरानं वाहतं. एकाच नळीत दोन्ही प्रकार!

वावरातला_पोट्टा
सांगितलं सर. बाबा म्हणाले ते जाऊ दे, शेवटच्या झाडाले पाणी कमी कायले पडते ते सांग. मी म्हटलं नळीत घासून प्रेशर उतरते, लॅटरल लय लांब आहे आपली. आता रविवारी टेप घेऊन वावरात बोलावलं.