मोठ्याईची रक्त पातळ करायची गोळी (आपल्या घरच्या ग्रुपवरून)

संजू: आईचा आयएनआर १.३ आला. लॅबवाला म्हणे कमी हाये. कमी म्हणजे चांगलं ना, शुगर बीपी कमी आली तं चांगलंच म्हणतात

छकुली (नागपूर): नाही रे दादा, हे उलटं आहे. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागते त्याचा आकडा, रक्त पातळ करायच्या गोळीनं तो वाढायला पाहिजे. मोठ्याईचा २ ते ३ च्या मधात पाहिजे. जो माणूस गोळी घेतच नाही त्याचा १ च्या आसपास असते. गोळी बरोबर चालू आहे का तिची?

संजू: चालू हाये म्हणते

सुलभा वहिनी: कायची चालू. मी आत्ताच डबा पाह्यला. रक्त पातळ करायच्या अ‍ॅसिट्रॉमची स्ट्रिप जशीच्या तशी, धडधडीची तेवढी घेऊन रायल्या. विचारलं तं म्हणे आता छातीत काई होतच नाई मंग कायले घेऊ, अन त्या गोळीनं हिरड्यातून रक्त येते

आत्या (दिग्रस): संजू, तुह्या आईचं काय चुकलं बापा. बरं वाटून रायलं तं इतल्या गोळ्या कायले पोटात टाकायच्या. अर्जुनाची साल उकळून देत जा, आमच्या इकडे लय जण घेतात

छकुली: आत्या थांब जरा. दोन गोळ्या आहेत आणि दोन्हीचं काम वेगळं आहे, तिथंच सगळा घोळ होऊन राहिला. धडधडीच्या मेटोप्रोलॉलनं ठोक्यांचा वेग कमी झाला म्हणून तिला धडधड वाटत नाही. पण ठोके अजूनही वाकडेतिकडेच पडतात, मनगटावर बोट ठेवून पाहा, दोन पटपट मग एक उशिरा असं लागेल. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात, मग रक्त आत रेंगाळते, डाव्या बाजूच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते तिथं गुठळी जमते आणि सुटली की मेंदूत जाऊन अडकते. ह्यालाच एएफ म्हणतात, त्यात लकव्याचा धोका साधारण पाच पट होते, मोठ्याईचा तर हृदयाचा व्हॉल्वही (झडप) अरुंद आहे म्हणून तिचा आणखी जास्त. ती गुठळी अडवते फक्त अ‍ॅसिट्रॉम. धडधडीची गोळी ते काम करत नाही

भाऊजी (आर्णी): बरोबर. फवारणी केली म्हणजे खत देलं असं होत नाई ना संजूभाऊ 😀

संजू: समजलं. पण छकुली एक सांग, माह्या सासूलेही हेच हाये, ठोके चुकतात, तिले ते नवीन अ‍ॅपिक्साबॅन देली सकाळ संध्याकाळ. ना रक्त तपासा लागत ना पालक मेथीचं पथ्य. आईले तेच आणतो ना मी, म्हणजे दर खेपेले यवतमाळची चक्कर वाचते अन इथी वेचणीचा खाडा पडत नाई

छकुली: तेच नको करू दादा, हात जोडून सांगते. तुझ्या सासूबाईंचा एएफ बीपी आणि शुगरमुळे आहे, व्हॉल्व चांगला आहे, त्यांच्यासाठी ती गोळी एकदम बरोबर. मोठ्याईचा त्रास लहानपणचा आहे. घसा दुखून ताप यायचा आणि मग सांधे सुजायचे असं तीच सांगते ना, त्याला संधिवाताचा ताप म्हणतात, त्यानं व्हॉल्व खराब होतो आणि वीस तीस वर्षांनी कळते. असा व्हॉल्व मध्यम किंवा जास्त अरुंद असला की नवीन गोळ्या देत नाहीत, अ‍ॅसिट्रॉम नाही तर वॉरफेरिनच. धातूचा व्हॉल्व बसवलेल्यांचंही तसंच. आणि हे मी मनाचं सांगत नाही, २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाचा मोठा अभ्यास आला, साडेचार हजाराच्या वर पेशंट, सगळे असेच संधिवाताच्या व्हॉल्वचे आणि एएफचे, आपल्या देशातलेही होते. त्यात नवीनपैकी रिव्हारोक्साबॅन आणि जुनी गोळी यांची तुलना केली आणि जुन्या गोळीवाले कमी दगावले. आमच्या वॉर्डात सगळ्यांना वाटायचं की नवीनच भारी निघेल

संजू: मंग लोकायले तपासणीचा त्रास कायले सांगतात असं वाटे मले. ठीक हाये

आत्या: मंग इकोस्प्रिन? तेही रक्त पातळच करते ना. आमच्या ह्यायले तेच हाये

छकुली: काकांना हृदयाच्या नळीसाठी आहे ती. एएफच्या गुठळीला इकोस्प्रिन पुरत नाही आणि रक्तस्रावाचा धोका तर राहतेच, म्हणजे दोन्हीकडून तोटा

भाऊजी: मेडिकलवर बसून रोज पाहतो म्हणून सांगतो. अ‍ॅसिट्रॉमवाला माणूस येते अन गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक मागते. देत नाई मी, मंग रागावतात. ह्या गोळीवर पेनकिलर पोटातून रक्त पाडू शकते. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल देली तरी आयएनआर एकदम चढते. साल, काढा, चूर्ण, हे कोणतं कसं वागन सांगता येत नाई, म्हणून आत्याबाई सालीचं राहू द्या. वहिनी, मोठ्याईच्या गुडघ्यासाठी कोनी सुई देली का इतक्यात?

सुलभा वहिनी: देली होती कमरेत, मागच्या बाजाराच्या दिवशी. तिथी निळं पडलं होतं, मले वाटलं मुका मार

छकुली: गोळी चालू असताना कमरेत, दंडात सुई नको वहिनी, आतल्या आत रक्त साचते. कोणत्याही डॉक्टरकडे गेले की आधी सांगायचं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दात काढायचा असला तरी. स्वतःहून बंद करायची नाही, तेच सांगतात किती दिवस थांबायचं की थांबायचंच नाही. आणि हिरड्याचं रक्त थोडं असलं तर मऊ ब्रश घ्या आणि आयएनआर दाखवा. डांबरासारखी काळी संडास, लाल लघवी, किंवा डोक्यावर पडली तर मात्र वाट पाहायची नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं, बाहेरून कितीही बरी दिसो

बंट्या: आजी म्हणून रायली तिले पालेभाजी बंद केली होती कोनी तरी म्हणून ते परेशान होती, आता अंबाडी खाऊ का विचारते 😂

छकुली: खाऊ दे की. पालक मेथीत व्हिटॅमिन के असते ते गोळीचा जोर कमी करते, म्हणून एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं नको. दर आठवड्याला सारखीच खाल्ली की डॉक्टर डोस त्या हिशोबानं बसवतात. पालेभाजी कोणी बंद करायला सांगितली देव जाणे, खेड्यात माणूस भाकरीसंगं खाणार काय मग

संजू: आज दोन गोळ्या देऊ का मंग, राहिलेल्या भरून निघतीन

छकुली: नाही!! डबल अजिबात नाही. आत्ता तिच्या डॉक्टरला फोन लाव, इतक्या दिवसांची बंद होती आणि १.३ आला असं खरं खरं सांग, ते म्हणतील तितकीच. ही गोळी आज घेतली आणि आज लागली असं होत नाही, काही दिवस जातात असर यायला, म्हणून तोपर्यंत घरच्यांनी लक्ष ठेवा. तोंड एका बाजूनं वाकडं, एक हात खाली पडणं, बोलताना जीभ जड, यातलं एकही दिसलं तर पाणी पाजत बसू नका, १०८ लावा आणि कधी सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासाच्या आतच देता येते, आणि तेही ह्या गोळीवरच्या माणसाला आयएनआर पाहूनच ठरवतात म्हणून तिची वही संगं न्या

आत्या: माह्या सासऱ्यायले तसंच झालं होतं व माय. झोपवून ठेवलं होतं सकाळपर्यंत, सगळे म्हणे थकवा हाये

भाऊजी: आत्याबाई तवा कोनाले माहीत होतं

सुलभा वहिनी: बीपीचं मशीन दरवेळी वेगळंच दाखवते, ते खराब हाये काय?

छकुली: खराब नाही वहिनी, ठोकेच सारखे नसल्यानं तसं होते. पाच मिनिटं बसवून तीनदा मोजा आणि सरासरी लिहा

संजू: डॉक्टरशी बोललो. आज रात्रीपासून तिचा जुनाच डोस, परत तपासणी करून मंगळवारी या म्हणे. बंट्या, आईले सांग

बंट्या: सांगतलं. आजी म्हणे मंगळवारी जमत नाई, त्या दिवशी वेचायले बाया सांगतल्या, बुधवारी जाऊ. अन गोळी घेतो म्हणे पण छकुलीनं फोन करावं, तुमचं कोनाचं आयकत नाई मी

छकुली: करते, ड्युटी संपली की. मंगळवारीच जायचं

संजू: बायायचं मी पाह्यतो. सातची एसटी हाये, वहिनीनं डबा अन वही रात्रीच पिशवीत टाकावं

सुलभा वहिनी: वहिनी म्हणे 😡 बायकोले वहिनी म्हणून रायला ग्रुपवर

भाऊजी: 😂😂 संजूभाऊ तुमचाच बीपी मोजा अगोदर